रतनकुंवरचं बोलावणं : देवगडचे गोंड, नागपूरकर भोसले आणि दोस्तीचं राजकारण

(तुमसर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



विषयाला हात घालण्याआधी एक तंटा मिटवून टाकू. आमच्या भागाच्या इतिहासाची मराठी पुस्तकं उघडून बघा. त्यांत रघूजी भोसले नागपुरात 'आले', त्यांनी व्यवस्था 'लावली', आणि वली शाह मात्र गादीवर 'बसला', 'हरला'. एकाला अहो-जाहो, दुसऱ्याला अरे-तुरे. व्याकरण इथं निवाडा देऊन मोकळं होतं, पुरावा नंतर येतो. म्हणून आज आम्ही सगळ्यांना एकेरीच म्हणणार. रघूजीला, चांद सुलतानला, पेशव्याला, इंग्रजालाही. कुणाला राग आला तर शेवटी प्रश्न विचारताना काढावा.

आता विषय. नागपूरचं भोसल्यांचं राज्य उभं कसं राहिलं? शाळेत शिकवलेलं उत्तर ठरलेलं आहे: मराठ्यांच्या पराक्रमाने. आमचं म्हणणं असं की पराक्रम होता, पण तेवढ्यानं वैनगंगेच्या या खोऱ्यात राज्य उभं राहिलं नसतं. ते उभं राहिलं एका बोलावण्यावर. बोलावणारी होती देवगडची विधवा राणी, रतनकुंवर. आणि आमच्या इतिहासलेखनात सगळ्यात कमी ओळी जर कुणाच्या वाट्याला आल्या असतील, तर त्या तिच्याच.

थोडं मागे जाऊ. देवगड म्हणजे आताच्या छिंदवाडा जिल्ह्यातलं गोंडांचं राज्य. त्याचा राजा बख्त बुलंद औरंगजेबाच्या दरबारी गेला, इस्लाम स्वीकारला, बादशहाचा पाठिंबा मिळवला आणि परत येऊन गादी सांभाळली. पुढे बादशाही खिळखिळी होताना दिसली तशी तिच्याच मुलखात हातपाय पसरले. हा पहिला करार लक्षात ठेवा. बादशहाशी जुळवून घेणं हे बख्त बुलंदने दुबळेपणातून केलं असं मांडतात. आम्हाला ते पटत नाही. दूरच्या मोठ्या सत्तेचा शिक्का मिळवायचा आणि जवळच्या भाऊबंदांना गप्प करायचं, ही त्या काळची चोख रीत होती. बारा खेडी एकत्र करून नागपूर वसवलं ते यानेच.

आणि त्याने माणसं आणली. हे महत्त्वाचं. तुम्ही अंबागड पाहिलाच असेल, सहलीला तरी गेला असाल. तो किल्ला १७०० च्या सुमारास बांधला राजा खान पठाणाने, बख्त बुलंदच्या सेवेतल्या माणसाने. गोंड राजा, पठाण किल्लेदार, आणि खाली शेतात उत्तरेकडून आलेले पोवार, लोधी. तळ्यांसाठी कोहळी. नवेगावचा तलाव कोलू पाटील कोहळ्याने बांधला असं सांगतात ना, त्यामागचा व्यवहार साधा होता: तळं बांध, गाव घे. म्हणजे राजा-राजांतल्या युतीच्या खाली आणखी एक युती होती, जमीन आणि पाणी यांची. आज तुमसरच्या बाजारात जो धान येतो, त्याच्या मुळाशी कुठेतरी हा व्यवहार आहे. पण दरबारी कागदात तो शोधायला गेलात तर हाती फार लागत नाही.

बख्त बुलंदनंतर चांद सुलतान. त्याने राजधानी नागपूरला आणली, तट बांधला, जुम्मा तलाव केला. १७३८ च्या सुमारास तो वारला आणि घरात आग लागली. बख्त बुलंदचा दासीपुत्र वली शाह याने चांद सुलतानचा मुलगा मीर बहादूर याला मारलं आणि गादी बळकावली. राणी रतनकुंवरपाशी दोन मुलं उरली, बुऱ्हाण शाह आणि अकबर शाह. तिने वऱ्हाडातून रघूजी भोसल्याला बोलावलं.

इथे बहुतेक लेखक घाईत पुढे जातात. आपण थांबू. तिने रघूजीलाच का बोलावलं?

कारण तो तिला परका नव्हता. चुलता कान्होजीशी पटेना म्हणून तरुणपणी बाहेर पडलेला रघूजी काही काळ चांद सुलतानच्या पदरी राहिलेला होता, थोडे घोडेस्वार घेऊन. देवगडचं मीठ त्याने खाल्लेलं. म्हणजे राणीने परचक्र घरात आणलं नाही, नवऱ्याचा जुना नोकर मदतीला बोलावला. तिच्या जागी बसून बघा: एक मुलगा मेला, दोन धोक्यात, गादीवर खुनी बसलेला. मोगल सुभेदारी मोडकळीला आलेली. दुसरं कोण होतं? 'राणीच्या चुकीमुळे गोंडांचं राज्य गेलं' असं वाक्य आम्ही भाषणांतून ऐकलं आहे. हे वाक्य लिहिणाऱ्या-बोलणाऱ्याला पुढे काय झालं ते ठाऊक असतं. राणीला ते ठाऊक नव्हतं. एवढा साधा फरक आमची इतिहास-समीक्षा पाळत नाही.

आणि रघूजीकडे तरी काय होतं? त्याचीही सगळी उभारणी नात्यांवर आणि शब्दांवर झालेली. १७०७ मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटला तेव्हा ताराबाई म्हणत होती, हा खरा शाहू नव्हेच, तोतया आहे. तेव्हा खानदेशात त्याला सगळ्यांत आधी जे मिळाले त्यांत परसोजी भोसला होता. एका ताटात जेवून त्याने शाहूचं खरेपण जगाला दाखवलं, अशी गोष्ट आहे. एका जेवणावर घराण्याचं नशीब फिरलं. सेनासाहेब सुभा हा किताब आणि वऱ्हाडचा मोकासा त्यातून आला. पुढे कान्होजी शाहूच्या मर्जीतून उतरला तेव्हा त्याला धरायला शाहूने रघूजीलाच पाठवलं, आणि किताब रघूजीकडे आला. शिवाय शाहूच्या शिर्के राणीच्या नात्यातली मुलगी रघूजीला दिलेली. साडू म्हणा ना. विदर्भात साडूचं नातं काय चीज आहे ते तुम्हाला सांगायला नको!

तर असा हा रघूजी आला, वली शाहला हटवलं, दोन्ही मुलांना गादीवर बसवलं. मोबदल्यात रोकड मिळाली, मुलूख मिळाला. राणीने त्याला तिसरा मुलगा मानलं आणि राज्याचा तिसरा हिस्सा दिला, असंही सांगतात. ही तिसऱ्या मुलाची गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. खरी असेल, नसेल. पण ती कुणाच्या कामाची आहे ते पाहा. मुलूख जिंकला म्हटलं तर तो हरलेल्याचा हक्क उरतो, आज ना उद्या परत मागता येतो. भाऊहिस्सा मिळाला म्हटलं की तो वारसा होतो. आणि आईने दिलेला हिस्सा कोण परत मागणार?

रघूजी परत गेला. दोघा भावांचं पटलं नाही. १७४३ मध्ये बुऱ्हाण शाहने पुन्हा रघूजीला हाक दिली. अकबर शाह निजामाच्या आश्रयाला गेला आणि हैदराबादेतच संपला. विष दिलं असं गॅझेटियर सांगतं. या वेळी रघूजी गेला नाही. नागपुरातच राहिला. बुऱ्हाण शाह राजा राहिला, म्हणजे नावाने. पेन्शन ठरली.

आता खरी गंमत. रघूजीने गोंड राजा काढून का टाकला नाही? आडवं येणारं कुणी नव्हतं. पण त्याने ते केलं नाही, आणि पुढच्या भोसल्यांनीही नाही. भोसल्यांच्या राज्यारोहणाला टिळा लावण्याचा मान गोंड राजाचा राहिला, काही महसुली कागदांवर त्याचा शिक्का लागत राहिला. आमच्याकडे हे 'मोठ्या मनाचं' लक्षण म्हणून सांगतात. आमचं मत वेगळं आहे. रघूजीची सनद साताऱ्याची, आणि साताऱ्यात पेशव्याचा जोर दिवसेंदिवस वाढत होता. हाताशी गोंड राजाचा टिळा असला म्हणजे नागपूरची सत्ता सगळीच्या सगळी साताऱ्याच्या कृपेवर अवलंबून राहत नाही. दोन दगडांवर पाय ठेवू नये म्हणतात, पण इथे दोन्ही दगड घट्ट होते. तेव्हा त्या टिळ्यात उदारपणा किती आणि हिशेब किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. आम्ही हिशेबाच्या बाजूने आहोत.

आणि पेशव्याची भीती काही मनची नव्हती. रघूजीचा कारभारी भास्कर राम कोल्हटकर १७४२ मध्ये बंगालवर गेला. कलकत्त्याच्या इंग्रजांनी घाबरून खंदक खणायला घेतला, मराठा डिच म्हणून तो प्रसिद्ध आहे. अर्धवटच राहिला. आज तुमसर रोडवरून हावड्याची गाडी जाते ना, साधारण त्याच दिशेने. तर पुढच्या वर्षी, १७४३ मध्ये, बंगालच्या नवाबाच्या, अलीवर्दी खानाच्या मदतीला कोण धावलं? पेशवा बाळाजी बाजीराव! चौथाई आणि २२ लाख रुपये ठरवून त्याने नवाबाच्या बाजूने रघूजीला बंगालबाहेर रेटलं. मराठा विरुद्ध मराठा, आणि मध्ये नवाब. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शाहूने दोघांना समोर बसवून मुलूख वाटून दिला, बंगाल-ओडिशा रघूजीकडे आले.

उलट बाजूला पाहा. रघूजीचा बंगालमधला सगळ्यात कामाचा माणूस कोण? मीर हबीब. इराणातून आलेला, नवाबाच्या नोकरीतला, मराठ्यांना मिळालेला. भास्कर रामाला १७४४ मध्ये अलीवर्दीने बोलणी करायला तंबूत बोलावलं आणि सरदारांसह कापून काढलं. त्यानंतरही मोहीम टिकली त्यात मीर हबीबचा वाटा मोठा. १७५१ च्या तहात कटक प्रांत आणि बंगालची वर्षाला १२ लाख चौथाई भोसल्यांच्या पदरात पडली.

आता शब्द पाहा. मीर हबीब आपल्याकडे आला तर तो 'मातब्बर साथीदार'. आपल्याकडचा एखादा तिकडे गेला तर तो 'फितूर'. पेशव्याने नवाबाशी केलं ते 'राजकारण'. कृती एकच, नावं तीन. महाराष्ट्रात अलीकडे 'युती' आणि 'आघाडी' या दोन शब्दांत जसा फरक उरला आहे, तसंच काहीसं.

जरा दूर जाऊन येऊ. मेक्सिकोचे अझ्टेक. मेशिका त्यांचं खरं नाव. तळ्यातल्या बेटावर त्यांनी तेनोच्तित्लान वसवलं, परंपरेने साल १३२५ धरतात. शंभर वर्षं हे लोक अझ्कापोत्झाल्को नावाच्या बलाढ्य नगराचे मांडलिक होते. त्याच्यासाठी लढायचे, खंडणी भरायचे, राजकन्या करून घ्यायचे. तिथला म्हातारा राजा तेझोझोमोक १४२६ मध्ये मेला, मुलांत भांडण झालं, माश्त्ला नावाच्या मुलाने गादी बळकावली. ओळखीचं वाटतं ना? तेव्हा मेशिकांच्या इत्झकोआत्लने तेश्कोकोच्या नेझाहुआल्कोयोत्लशी हात मिळवला. त्याच्या बापाला याच घराण्याने मारलेलं होतं. तिसरं नगर आलं त्लाकोपान, ते तर शत्रूच्याच जातकुळीचं. तिघांनी १४२८ मध्ये अझ्कापोत्झाल्को पाडलं. ज्याला आपण अझ्टेक साम्राज्य म्हणतो ते हे तीन नगरांचं कडबोळं. खंडणीचे पाच वाटे करायचे: दोन, दोन आणि त्लाकोपानला एक. जिंकलेल्या ठिकाणचा राजा बहुधा तसाच ठेवायचा, खंडणी घ्यायची. बुऱ्हाण शाहची पेन्शन आठवा.

पण आम्हाला त्या कथेत सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट वेगळीच आहे. सत्ता हाती येताच इत्झकोआत्लने जुन्या इतिहासाच्या पोथ्या जाळायला लावल्या, अशी नोंद स्पॅनिश काळात स्थानिकांकडून लिहून घेतलेल्या ग्रंथात आहे. मांडलिकपणाची शंभर वर्षं पुसायची होती. दोस्तांच्या खांद्यावर चढून आलो, हे कुठल्याच राज्यकर्त्याला लिहून ठेवायला आवडत नाही. पुढे १५१९ मध्ये कोर्तेस आला आणि अझ्टेकांचे शेजारी, त्लाश्काला नगराचे लोक, हजारोंनी त्याला मिळाले. १३ ऑगस्ट १५२१ ला तेनोच्तित्लान पडलं. मूठभर स्पॅनिशांनी साम्राज्य जिंकलं, ही कथा जगभर चालली. खरं म्हणजे एका युतीने बांधलेलं दुसऱ्या युतीने मोडलं. मेक्सिकोत आजही परक्यांच्या प्रेमात पडणाऱ्याला कोर्तेसच्या दुभाषी बाईच्या, मालिन्चेच्या, नावावरून शिवी देतात. तिला निदान शिवी तरी आहे. आमची रतनकुंवर शिवीतही नाही.

आपल्याकडे पोथ्या कुणी जाळल्या नाहीत, हे मान्य. पण इतिहास लिहिला कुणी ते पाहू. काशीराव राजेश्वर गुप्त्यांची नागपूरकर भोसल्यांची बखर आहे. तिचं नावच सांगतं ती कुणाची. यादव माधव काळ्यांचा 'नागपूर प्रांताचा इतिहास' आहे, १९३४ चा, मेहनतीचा ग्रंथ, आमच्या पिढीने त्यावरच वाढ केली आहे. पण आमच्यासारखे त्यावर वाढलेले लोकही भोसल्यांची वंशावळ घडाघडा म्हणतात आणि बख्त बुलंदच्या पुढे अडखळतात. आणि तिसरा रिचर्ड जेन्किन्सचा १८२७ चा अहवाल, ज्याच्यावर पुढची सगळी गॅझेटियरं उभी आहेत.

या जेन्किन्सकडे नीट बघा. तो नागपूरचा रेसिडेंट. भोसल्यांनी गोंड राजाला 'संरक्षण' देत देत कसं बाजूला केलं, हे जगाला सांगणारा. तो हे लिहीत होता त्या वेळी स्वतः काय करत होता? भोसल्यांच्या अल्पवयीन राजाच्या नावाने नागपूरचा कारभार चालवत होता! रघूजीने केलं तेच इंग्रज करत होता, आणि रघूजीचं लिहीत होता. म्हणून त्याच्या लेखनात ही एक छुपी सोय आहे: तुम्ही गोंडांचं घेतलंत, आम्ही तुमचं घेतो, हिशेब बरोबर. त्याने दिलेली माहिती आम्ही वापरतो, टाकून देण्यासारखी ती नाहीच. पण ती देताना त्याचा एक डोळा कुठे होता ते विसरून चालणार नाही.

आता आपल्या जिल्ह्यातला एक प्रसंग, कारण तो या सगळ्या सोप्या कथांना छेद देतो. साकोलीजवळची सानगडी. देवगडच्या राजाच्या बाजूने हा किल्ला मुहम्मद खान नावाचा पठाण सांभाळत होता, ताज खानाचा मुलगा. रघूजीने देवगडचं राज्य घेतलं, नागपूर घेतलं, तरी हा गडी तीन वर्षं किल्ला सोडीना. धन्याचं राज्य गेलेलं, कुमक येणार नाही, तरी हा तिथेच. शेवटी रघूजीने काय केलं? कळवलं की सानगडी सोड, शिवनीची दिवाणगिरी घे. त्याने घेतली. छपाऱ्याला ठाणं केलं, घराणं तिथे रुजलं.

आता हा मुहम्मद खान स्वामिनिष्ठ की फितूर? तीन वर्षं निष्ठावंत आणि चौथ्या वर्षी फितूर? आणि रघूजी: शूर, की दमून सौदा करणारा? आम्हाला वाटतं रघूजीचं खरं कसब इथे दिसतं. जो माणूस हरलेल्या धन्यासाठी तीन वर्षं बसतो, तो आपल्या पदरी असलेला बरा, हे त्याला कळलं. तोफा लावून सानगडी पडली असती. पण शिवनीला दिवाण मिळाला नसता. दुर्दैवाने आमच्या किल्ल्यांवरच्या लेखनात बुरूज किती, दरवाजे किती, याची मोजदाद असते. हा सौदा कुठेतरी टिपेत सापडतो. अंबागडाचंही तेच. पुढे तो तुरुंग झाला, कैद्यांना विषारी पाणी पाजत, हे सगळ्यांना माहीत. पण तो कुठल्या दोस्तीतून उभा राहिला ते विचारलं तर लोक एकमेकांकडे बघतात.

पोवारांबद्दलही असंच. भोसल्यांच्या कटकच्या स्वारीत चिमणाजी भोसल्याबरोबर पोवार गेले आणि बक्षीस म्हणून वैनगंगेच्या पश्चिमेला जमिनी मिळाल्या, असं गॅझेटियर म्हणतं. या सभागृहात पोवारी बोलणारी घरं नक्की आहेत. तुमच्याकडे याबद्दल आजोबांकडून काही ऐकलेलं असेल तर ते लिहून काढा, आम्हाला हवं आहे. दरबारी कागद घोडे मोजतात, घोड्यावर कोण होतं ते सांगत नाहीत.

शेवटचा भाग थोडक्यात, कारण तो तुम्हाला माहीत आहे. १८०३ ला दुसरा रघूजी शिंद्याबरोबर इंग्रजांशी लढला, होळकर बाजूला बसून राहिला. असई गेली, अडगाव गेलं, गाविलगड गेला. डिसेंबरात देवगावचा तह: कटक गेलं, वर्धेपलीकडचं वऱ्हाड गेलं. म्हणजे पहिल्या रघूजीने दोस्त जोडून मिळवलेलं दुसऱ्याने दोस्त न आल्याने गमावलं. पुढे १८१६ मध्ये गादीवर दुबळा परसोजी, कारभारासाठी घरात भांडण, आणि अप्पासाहेबाने आपली बाजू बळकट करायला इंग्रजाशी तैनाती फौजेचा तह केला. घरच्या वारसाच्या भांडणात बाहेरची फौज. रतनकुंवरने केलं तेच, ७८ वर्षांनी, त्याच शहरात. फरक इतकाच की अप्पासाहेबाला आधीचं उदाहरण घरातच होतं. रोज दिसत होतं, पेन्शन घेऊन नागपुरातच राहत होतं! राणीला जो दोष देतात, त्यातला अर्धाही अप्पासाहेबाला देत नाहीत. उलट नोव्हेंबर १८१७ ची सीताबर्डीची लढाई तेवढी सांगतात. ती लढाई झाली, तो लढला, आम्ही नाकारत नाही. पण तह कुणी केला तेही सांगा.

आणि हरल्यावर तो पळाला कुठे? महादेवाच्या डोंगरात. तिथे त्याला आसरा दिला, त्याच्यासाठी इंग्रजाशी लढले, ते गोंड. ज्यांच्या राजाला त्याच्या पणज्याने पेन्शनीवर बसवलं होतं, ते. त्यांनी हे का केलं, जुना टिळा आठवून की इंग्रज नको म्हणून, याचं उत्तर भोसल्यांच्या बखरीत नाही आणि जेन्किन्सच्या अहवालातही नाही. ते शोधायचं तर पचमढी-छिंदवाड्याकडच्या गोंडी गाण्यांत आणि गोंड घराण्यांच्या कागदांत शोधावं लागेल, आणि त्यासाठी गोंडी येणारी माणसं लागतील. या जिल्ह्यात ती आहेत. अप्पासाहेब १८४० मध्ये जोधपुरात वारला.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून आधी, पुढच्या रांगेला नेहमीच संधी मिळते.